मालकांचा निळा

दोऱ्याच्या कारखान्यात रोज सकाळी अकरा वाजता एक छोटासा सोहळा होई. तो इतकी वर्षं चालला होता की त्याला कोणी सोहळा म्हणत नसे, नुसतं ‘सही’ म्हणत. त्या दिवशी जेवढे लॉट रंगून सुकले असतील त्या प्रत्येकातली एक लहान लडी जाड पांढऱ्या कार्डावर गुंडाळून मालकांच्या केबिनमध्ये जाई. केबिनला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. मालक कार्ड घेऊन खिडकीशी उभे राहत, बोटांनी दोरा जरा पसरवत, मान तिरकी करत आणि म्हणत, “जाऊ दे,” किंवा “परत.” ‘जाऊ दे’ला सही मिळे. ‘परत’वाल्या लॉटला पुन्हा भांड्यात उतरावं लागे.

यात एक मेख होती. कारखान्याच्या ठरलेल्या दोनशे चाळीस छटा होत्या. प्रत्येकीला नंबर होता आणि प्रत्येकीचा मूळ नमुना एका पत्र्याच्या पेटीत काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेला होता. कुठलाही शहाणा माणूस नवा रंग तपासताना मूळ नमुना शेजारी धरेल. मालक धरत नसत. दोनशे चाळीस रंग त्यांच्या डोक्यात होते. नमुना शेजारी ठेवून काय, रस्त्यावरचा माणूसही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. हातच्या काकणाला आरसा कशाला? तरुणपणी त्यांनी एका बड्या गिऱ्हाइकाच्या कोटाची शिवण टेबलापलीकडून बघून दोऱ्याचा नंबर सांगितला होता आणि तो बरोबर निघाला होता. ही गोष्ट कारखान्यात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ऐकावी लागे, बहुतेक वेळा खुद्द मालकांच्याच तोंडून. त्यांच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी रंग मोजायचं एक मशीन आणलं होतं. मालकांनी त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघितलं आणि पुन्हा कधी त्याची चौकशी केली नाही.

आता त्यांचं वय अडुसष्ट. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नऊ वर्षं कारखान्यातच होती. खरेदी, विक्री, मशीनं, माणसं, सगळं तीच बघत होती आणि सगळे तिला ताई म्हणत. नवं वर्ष लागलं की तिला खुर्ची द्यायची असं ठरलं होतं. घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. मालकांची अट होती, खुर्ची तुझी, सही माझी. हातपाय चालताहेत तोवर रंगावरचा शेवटचा शब्द माझा. मुलीचं म्हणणं, द्यायचं तर दोन्ही द्या, नाहीतर मी दुसरीकडे नोकरी बघते. ती हे चिडून म्हणाली असती तर मालकांनी मनावर घेतलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर दुसऱ्या एका कंपनीचं पाकीट मालकांना दिसलं.

त्यातून वाट म्हणून मुलीनेच कोच शोधून काढली. मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख मोकळेपणी बोलून विचार करायला असे कोच ठेवतात, असं तिने सांगितलं. मालकांना कोच म्हटलं की गळ्यातली शिट्टी आणि डोक्यावरची टोपी एवढंच आठवे. या वयात मला मैदानाला फेऱ्या मारायला लावणार का, असं त्यांनी विचारून बघितलं. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, दहा बुधवार तिच्याबरोबर बसा. दहा बुधवारांनंतरही सही सोडायची नसेल तर तो विषय मी पुन्हा काढणार नाही; मग राहायचं की जायचं ते माझं मी बघेन. दहा बुधवारांत काय आभाळ कोसळतंय, असं म्हणून मालक तयार झाले.

कोच पन्नाशीची, आखूड केसांची, साध्या चपला घालणारी बाई निघाली. गेटवरच्या रखवालदाराने वहीत तिच्या नावापुढे, कामाच्या रकान्यात, स्वतःच्या अकलेने ‘तपासणी’ असं लिहिलं, आणि दुपारपर्यंत कारखानाभर झालं की मालकांना तपासायला बाई आली आहे.

पहिल्या बुधवारी मालक तयारीनिशी बसले होते. कारखाना कसा उभा केला, आग लागली तेव्हा काय केलं, कोटाच्या शिवणीची गोष्ट, सगळं त्यांनी सांगितलं. सव्वा तास ते एकटेच बोलत होते. बाईने काही लिहून घेतलं नाही, मान डोलावली नाही, वाहवा तर नाहीच. शेवटी तिने एकच विचारलं, “तुम्ही दुपारी जेवता कोणाबरोबर?”

“एकटाच. वेळ वाचतो.”

“वाचलेल्या वेळाचं काय करता?”

बाई आगाऊ आहे असं मालकांनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. पण ती गेल्यावर डबा उघडताना प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला. पूर्वी ते खाली कॅन्टीनमध्ये जेवत. मग हळूहळू असं व्हायला लागलं, की ते आत शिरले की बोलणं थांबायचं, बाकांवरची माणसं अर्धवट उठायची, आणि ते विनोद सांगायला लागले की तो पुरा व्हायच्या आतच सगळे हसायचे. विनोद सांगणाऱ्याचा याहून मोठा अपमान नाही. एक दिवस त्यांनी डबा वर मागवला आणि दार लावून घेतलं. जिन्यावरून खालचं हसणं ऐकू यायचं. तेव्हा मात्र ते बरोबर वेळेवर असायचं.

घरी तरी काय होतं? सात वाजता पोचायचं, कुलूप काढायचं, दिवा आपणच लावायचा. टीव्ही लावून ते बातम्यांना उत्तरं देत. कधीकधी एखादं उत्तर फार चांगलं जमे आणि ते सवयीने बाजूच्या खुर्चीकडे बघत. बायकोला रंगातलं ओ की ठो कळत नसे, पण नवरा कुठे चुकतोय ते तिला बरोबर कळे. उगाच ताणू नका, एवढंच ती म्हणायची. ती असताना त्यांना या वाक्याचा वीट आला होता. आता ते वाक्य ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

चौथ्या बुधवारी बाईने विचारलं, तुम्हाला शेवटचं ‘नाही’ कोण म्हणालं? मुलगी, असं मालक ताडकन म्हणाले. तिच्या आधी? मालकांनी चहाचा कप हातात घेतला आणि आठवायला लागले. माणसं एकेक करून डोळ्यांसमोरून गेली. ऑफिस, पॅकिंग, रंगखाना. रंगखान्याचा मास्तर तर चौतीस वर्षं बरोबर होता. सुरुवातीला दोघांनी एकाच हौदात काठ्या फिरवल्या होत्या आणि तेव्हा त्यांची भांडणंही होत. आता मास्तर रोज अकराला कार्डं घेऊन यायचा, हात मागे बांधून उभा राहायचा आणि मालक ‘परत’ म्हणाले की ‘बरं’ म्हणायचा. मालक चहा प्यायचा विसरले.

“बायको,” ते शेवटी म्हणाले. “ती म्हणायची.”

“नंतर चार वर्षांत दुसरं कोणीच नाही?”

“माझं चुकतच नसेल.”

“असेलही,” बाई म्हणाली. “तुम्हाला काय वाटतं?”

उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसतं विचारायचं, असली तिची रीत होती. एकदा वैतागून मालकांनी विचारलं, मग मी करू तरी काय? ती म्हणाली, मला माहीत नाही, पण तुम्हाला सुचत असेल तर ऐकायला बसलेय. ‘मला माहीत नाही’ म्हणणारे रस्त्यावर फुकट भेटतात, असं मालक मनात म्हणाले. तरीही मंगळवारी संध्याकाळी ते आपण होऊन शर्टाला इस्त्री करायला लागले होते. ती त्यांच्या होला हो म्हणत नसे. ते आले म्हणून उठून उभी राहत नसे. विनोद आवडला नाही तर हसत नसे, आणि एकदा हसली तेव्हा मालकांना दिवसभर बरं वाटलं. सहाव्या बुधवारी बोलता बोलता ते बायकोच्या शेवटच्या महिन्यांवर आले. दवाखान्यातून परत येताना ते गाडीत एकटे मोठ्याने बोलत, हे त्यांनी तिला सांगितलं. हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

सातव्या बुधवारी सहीचा विषय निघाला, आणि तो मालकांनीच काढला. ते अगदी रंगात आले होते. दोन वर्षांत गिऱ्हाइकाकडून एकही लॉट परत आलेला नाही, हे त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. कशामुळे? तर आपण कडक आहोत म्हणून. किती कडक, असं बाईने विचारल्यावर त्यांनी सहीचं रजिस्टरच काढलं. पानं उलटत, बोट फिरवत त्यांनी तिला मोजून दाखवलं. पूर्वी निळ्यातल्या शंभर लॉटपैकी चार-पाच परत जात. आता तीस-बत्तीस जात होते.

“बघा,” ते म्हणाले. “लोकांचं कामात लक्ष राहिलेलं नाही. मी नसतो तर काय झालं असतं?”

“परत पाठवलेला लॉट पुन्हा रंगवायला किती वेळ लागतो?”

“दोन दिवस. कधी तीन.”

“म्हणजे निळ्यातले तीस टक्के लॉट तीन दिवस उशिरा जातात.”

“छे. आमचा माल वेळेवर जातो. आमचा एकही लॉट कधी…”

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर आलं नाही. बाईनेही ते पुरं केलं नाही.  खाली कोनांवर दोरा गुंडाळणारी मशीनं एकसारखी चालली होती. मालक रजिस्टरचं पान चाळल्यासारखं करत राहिले. हिशेब दुसरी-तिसरीतल्या पोराला जमण्यासारखा होता. त्यांनी तो दोन वर्षं मांडला नव्हता, कारण उत्तर आवडीचं असलं की माणूस गणित तपासून बघत नाही. मास्तर जादा माणसं लावत असेल, असं ते पुटपुटले. असेल, बाई म्हणाली, विचारलंत कधी? मग तिची वेळ संपली आणि ती उठली.

गुरुवारी अकरा वाजता मास्तरने पाच कार्डं आणली. त्यात एक्केचाळीस नंबर होता, कारखान्याचा सगळ्यांत खपाचा निळा. मालकांनी तो खिडकीशी धरला. परत, ते म्हणाले, मेलाय हा, जीवच नाही यात. मास्तर ‘बरं’ म्हणून गेला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मालकांना रात्रभर टोचत होतंच. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा तसाच ठेवला आणि ते जिना उतरले.

पॅकिंगमध्ये कामावरची एक बाई सुट्टी न घेता खोकी बंद करत होती. मालकांना बघून तिचे हात थांबले. खोक्यांत निळे कोन होते. लेबलांवर नंबर होता एक्केचाळीस आणि तारीख आजची. कुठला लॉट, असं मालकांनी विचारलं. सकाळचा, असं ती बोलून गेली आणि मग तिने रंगखान्याच्या दाराकडे असं बघितलं, की मालकांना आणखी काही विचारावं लागलं नाही.

रंगखान्यात सगळी मोठी भांडी बंद होती. कोपऱ्यात, हात धुवायच्या जागेशेजारी, विजेच्या छोट्या शेगडीवर एक स्टीलचं पातेलं ठेवून मास्तर काचेच्या कांडीने काहीतरी ढवळत होता. त्याचाही डबा बाजूला न उघडता पडला होता.

“काय करतोयस?” मालकांनी विचारलं.

मास्तर दचकला नाही. “एक्केचाळीस करतोय. तुमच्यासाठी.”

त्याने कांडीवर एक लहानशी लडी उचलली, पिळली आणि उजेडात धरली. मालकांनी बघितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हाच तो. खोल, ताजा, डोळ्यांना लगेच ओळख पटावी असा. सकाळी असा का आणला नाहीस, ते म्हणाले, हाच तर बरोबर आहे.

“मालक, बरोबर सकाळचा होता.” मास्तर लडीकडे बघत बोलत होता. “नमुन्याला लावून बघितलाय, मशीनवर घातलाय. हा चुकीचा आहे. हा बाजारात गेला तर गिऱ्हाईक आपल्या तोंडावर फेकेल.”

मालकांना आधी कळलंच नाही. मग त्यांची नजर फळीवर उघड्या पडलेल्या वहीवर गेली. प्रत्येक रंगाची कृती मास्तर तिथे लिहून ठेवायचा, ते त्यांना ठाऊक होतं. या पानावर वर लिहिलं होतं, ‘मालकांचा निळा’. खाली महिने होते आणि प्रत्येक महिन्यापुढे मूळ कृतीत निळा किती वाढवला की मालक पास करतात, तो आकडा होता. पहिल्या महिन्याला नखाएवढा. मग दर दोन-तीन महिन्यांनी थोडा जास्त. शेवटचा आकडा पहिल्याच्या नऊपट होता. कुठल्याही डॉक्टरने त्यांचे डोळे इतके नेमके मोजले नसते. मालकांनी पहिला महिना पुन्हा वाचला. त्याला अडीच वर्षं झाली होती.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“पॅकिंगला आहे. ऑफिसला आहे. ताईंना आहे.” मास्तरने जरा विचार केला. “रखवालदाराचं नक्की सांगता येत नाही.”

दुसऱ्या कुठल्या दिवशी मालक यावर हसले असते.

“मला का नाही सांगितलंस?”

मास्तरने शेगडी बंद केली, हात पुसले आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. “पहिल्याच महिन्यात सांगणार होतो. जिन्यापर्यंत आलोही होतो. पण वहिनींना जाऊन तेव्हा दीडच वर्ष झालं होतं. म्हटलं, सही थांबली तर तुम्ही सकाळी उठून यायचं कशासाठी?”

ते खरं होतं. शिव्या द्याव्यात, तर ज्याने अडीच वर्षं आपलं जेवण सोडून पातेल्यात एकेक लडी रंगवली त्याला काय शिव्या देणार? आणि डोळे गेल्याचंही त्यांना तितकंसं लागलं नाही. डोळे काय, वयाने जातातच. लागलं ते वेगळंच. अडीच वर्षं त्यांच्याशिवाय कारखान्याचं काही म्हणजे काही अडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ दीडशे माणसांनी मिळून झाकून धरली होती. ते वर गेले. संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये कोणी आलं नाही.

मुलीशी ते तो आठवडाभर कामापुरतंच बोलले. अकराला मास्तर आला की ते कार्डाकडे न बघता “ठेव” म्हणत आणि तो कार्डं ठेवून जाई. आठव्या बुधवारी बाई खुर्चीत टेकते न टेकते तोच त्यांनी विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

“काय?” तिने विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगितल्यावर म्हणाली, “नाही.”

“मुलीने तुम्हाला सांगितलं असणार. मला पटत नाही.”

“पहिल्या दिवशी ती सांगायला लागली होती. मी तिला थांबवलं. मला कळलं असतं, तर माहीत असून तुमच्यासमोर गप्प बसणारी मी आणखी एक झाले असते. तशी माणसं तुमच्याकडे आधीच पुष्कळ होती.”

मालक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.  “दीडशे माणसं माझ्याशी रोज खोटं बोलत होती,” ते म्हणाले, “आणि त्यातल्या एकाच्याही मनात माझं वाईट नव्हतं. मी भांडू कोणाशी?”

 त्यांना रडू आलं ते तिने बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवायचा प्रयत्नही केला नाही. गेल्या चार वर्षांत त्यांच्यासमोर इतकं साधं कोणी वागलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरने पाच मिनिटांत निकाल दिला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आतलं भिंग पिवळं पडलेलं, निळ्याची वाटच अडलेली. ऑपरेशन सोपं होतं. आधी एक डोळा, दोन आठवड्यांनी दुसरा. पट्टी काढल्यावर निळा बघून दचकाल, डॉक्टर खुशीत म्हणाला, विशीतल्यासारखा दिसेल. मालक बाहेर पडले ते हवेत चालल्यासारखे. घर येईपर्यंत त्यांनी मुलीशी बोलायची वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती. डोळे नव्हते म्हणून झालं, आता डोळे आले, तेव्हा सही पुन्हा माझ्याकडे. वाक्य चांगलं जमलं म्हणून ते खूश झाले, आणि कुलपात किल्ली फिरवताना आपण काय जमवत आलो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते तसेच दाराशी उभे राहिले.

नवव्या बुधवारी त्यांनी हे बाईला सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत होती.

“घ्याल सही परत?” तिने विचारलं.

“घेईन की. मागितली तर नाही कोण म्हणणार आहे? मास्तर तर आनंदाने देईल.”

“आणि मग?”

मालकांनी सहीचं रजिस्टर उघडलं आणि पुन्हा मिटलं. 

“मग पुढे आणखी काहीतरी जाईल,” ते म्हणाले. “कान जातील. डोकं जाईल. आणि मास्तर वहीत त्याचंही एक पान काढेल.”

ऑपरेशन गुरुवारी होतं. बुधवारी, दहाव्या भेटीला अजून तास होता तेव्हा, मालकांनी मुलीला केबिनमध्ये बोलावलं. ती दारातच थांबली. तिचा चेहरा असा होता, की जणू ती मार खायलाच आली आहे. बस, असं त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

“बाबा, मला तोंड उघडवेना,” तिने बसल्या बसल्या सुरुवात केली. “दर वेळी ठरवायचे. तुम्ही खिडकीशी कार्ड धरून उभे असायचात, आणि मला बोलताच यायचं नाही. आई असती तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. माझ्याच्याने होईना, म्हणून मी परकं माणूस आणलं.”

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न तिने एकटीने अडीच वर्षं उशाशी घेतला होता. मालकांना ते एवढे दिवस सुचलंच नव्हतं. ते फक्त स्वतःचं एकटेपण मोजत बसले होते. त्यांनी टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. लहानपणी रस्ता ओलांडताना ते तिला तसंच धरत.

“कागद कुठवर आले?” त्यांनी विचारलं.

“कसले?”

“खुर्चीचे. आणि सहीचे. दोन्ही एकातच टाक, आणि आजच आण.”

मुलगी गोंधळली. मग तिचा चेहरा मऊ झाला. मालकांना त्या चेहऱ्याची भीती वाटली, कारण रंगखान्यात त्या दुपारी मास्तरचा चेहरा अगदी तसाच झाला होता.

“इतकी घाई कशाला, बाबा?” ती म्हणाली. “ऑपरेशन होऊ दे. महिनाभराने तुम्हाला स्वच्छ दिसायला लागेल. मग निवांत ठरवू. मशीन असलं तरी तुमच्यासारखी नजर…”

“नाही. आज.” मालकांनी तिचं मनगट सोडलं नाही. “एकदा मला दिसायला लागलं की मी देणार नाही.”

मुलीने त्यांच्याकडे बघितलं.  तिने ओठ उघडले, मिटले, आणि मग मान हलवली.

“हो,” ती म्हणाली. “नाहीच देणार तुम्ही.”

आणि ती कागद आणायला उठली.